बाटलीच्या आधी इंधनाचा हिशेब

वाहनविषयक प्रश्नोत्तरांच्या या सदराकडे गेल्या काही महिन्यांत, इंजिनाची शक्ती थोडा वेळ वाढवण्यासाठी त्यात सोडल्या जाणाऱ्या नायट्रस ऑक्साइड वायूविषयी विचारणा करणारी बरीच पत्रे आली. एकेका पत्राला त्रोटक उत्तर देण्यापेक्षा या अंकातील सर्व जागा याच विषयाला द्यावी, असे ठरवले. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : माझ्याकडे होंडा सिटीचे जुने १.५ व्हीटेक मॉडेल आहे. इंजिन मूळचेच असून त्यात काहीही बदल केलेला नाही. धावपट्टीवर भरणाऱ्या ड्रॅग (सरळ पट्टीवरच्या कमी अंतराच्या) शर्यतींत उतरण्यासाठी नायट्रस बसवावे असे मनात आहे. ड्राय, वेट, डायरेक्ट पोर्ट असे प्रकार वाचनात आले. एका मित्राने ७५ अश्वशक्ती वाढवणारा वेट संच सुचवला आहे. नेमका कोणता संच घ्यावा आणि एका बाटलीतला गॅस किती पुरेल? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : संचाचे नाव ठरवण्याआधी नायट्रस इंजिनात काय करते ते पाहू, कारण निवडीतील बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात. हा वायू स्वतः जळत नाही. त्याच्या ४४ ग्रॅममध्ये १६ ग्रॅम ऑक्सिजन असतो, म्हणजे वजनाने सुमारे ३६ टक्के. साध्या हवेत हेच प्रमाण २३ टक्क्यांच्या आसपास असते. सिलिंडरमध्ये तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या वर गेले की हा रेणू फुटतो आणि ऑक्सिजन मोकळा होतो. शिवाय बाटलीतून द्रवरूपात निघालेले नायट्रस नळीबाहेर पडताच उकळते व आत येणाऱ्या हवेतली उष्णता शोषून घेते, त्यामुळे हवा दाट होते. दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलाने विरळ हवेत उडणाऱ्या विमानांसाठी ‘जीएम-१’ नावाची व्यवस्था वापरली, ती याच गुणासाठी. मात्र जास्तीच्या ऑक्सिजनला जोडीला जास्तीचे पेट्रोल मिळाले तरच शक्ती वाढते. पेट्रोल कमी पडले तर मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोलला तोकडे होते, ज्वलनाचे तापमान चढते, इंजिन ठोके देऊ लागते आणि ॲल्युमिनियमचा पिस्टन काही सेकंदांत वितळू शकतो. माझ्या मेजावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला असाच एक पिस्टन आहे. त्याच्या माथ्यावर रुपयाचे नाणे आरपार जाईल एवढे भोक आहे.

तेव्हा ड्राय, वेट आणि डायरेक्ट पोर्ट हे तिन्ही प्रकार वाढीव पेट्रोल कुठून आणायचे, याच एका प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे आहेत. ड्राय संचात हवेच्या मार्गात फक्त नायट्रस सोडले जाते आणि पेट्रोल गाडीचे मूळ इंजेक्टरच पुरवतात. त्यासाठी इंजेक्टरांत तेवढी क्षमता हवी आणि इसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, वाढीव पेट्रोल सोडण्याची सूचना मिळायला हवी. वेट संचात नायट्रस आणि पेट्रोल एकाच नोझलमधून, दोन स्वतंत्र सोलेनॉइडांमार्फत (विजेवर उघडणाऱ्या झडपांमार्फत) फवारले जातात. डायरेक्ट पोर्टमध्ये प्रत्येक सिलिंडरच्या वाटेवर स्वतंत्र नोझल असतो. हा प्रकार सर्वांत अचूक, पण त्यासाठी मॅनिफोल्डला (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांना) छिद्रे पाडून आटे काढावे लागतात, आणि चार सिलिंडरच्या मूळ इंजिनाला मी तो सुचवणार नाही.

तुमच्या होंडाचा इसीयू मॅनिफोल्डमधल्या दाबावरून हवेचा अंदाज बांधतो. नायट्रसमधून आलेला ऑक्सिजन या अंदाजात धरला जात नाही. म्हणून इसीयूचे नव्याने ट्यूनिंग केल्याशिवाय या गाडीला ड्राय संच लावणे धोक्याचे आहे. एका नोझलचा वेट संच तुम्हाला योग्य, इथवर मी तुमच्या मित्राशी सहमत आहे. ७५ या आकड्याशी मात्र मी सहमत नाही. चार सिलिंडरच्या मूळ इंजिनासाठी ४० ते ६० अश्वशक्ती हे माप रूढ आहे आणि तेही सुस्थितीतल्या इंजिनासाठी. तुमच्या गाडीची मूळ शक्ती १०६ अश्वशक्ती. इंजिनाचे वय वीस वर्षांच्या पुढचे. अशा इंजिनावर एकदम सत्तर टक्के भार वाढवणे म्हणजे पिस्टनच्या रिंगांची परीक्षा पाहणे आहे. जास्त उष्णतेने रिंगा लांबतात, त्यांची टोके एकमेकांना भिडतात आणि पिस्टनचा काठ तुटतो. आधी चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन दाबतो तेव्हा आत तयार होणारा दाब, मोजून घ्या. त्यांत दहा टक्क्यांहून जास्त तफावत निघाली तर हा विषय तिथेच मिटवा. कॉम्प्रेशन चांगले निघाले, तर ३५ ते ४० अश्वशक्तीच्या जेटपासून (प्रवाहाचे माप ठरवणाऱ्या बारीक छिद्राच्या तुकड्यापासून) सुरुवात करा.

आता पेट्रोलचा हिशेब. पूर्ण थ्रॉटलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर, पेट्रोल इंजिनाला दर अश्वशक्तीमागे तासाला साधारण ०.३ लिटर पेट्रोल लागते. १०६ अश्वशक्तीला सुमारे ३२ लिटर, १४६ ला सुमारे ४४ लिटर. नायट्रसवर मिश्रण थोडे रिच, म्हणजे पेट्रोल किंचित जास्त असलेले, ठेवायचे असते आणि जुन्या पंपावर पूर्ण भरवसा ठेवायचा नसतो, हे धरून पंपाने कामाच्या दाबाला ताशी ५५ ते ६० लिटर द्यायला हवेत. हे मोजायला एक गेज, एक मापाचे भांडे, घड्याळ आणि एक जाणता मिस्त्री पुरतो. पेट्रोल उघड्यावर मोजायचे असल्याने काम मोकळ्या हवेत, ठिणगीपासून दूर करावे. एवढी साधी चाचणी न करता लोक महागडे संच मागवतात, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

वेट संचाचा खरा कस तो बिघडतो तेव्हा लागतो. नायट्रसचा सोलेनॉइड उघडला नाही तर मिश्रण रिच होते, इंजिन अडखळते आणि तुम्ही ती फेरी हरता. पेट्रोलचा सोलेनॉइड उघडला नाही तर इंजिनच गमावता. म्हणून संच निवडताना डब्यावरच्या अश्वशक्तीच्या आकड्याआधी त्यात पुढील गोष्टी आहेत का ते पाहावे : पेट्रोलचा दाब घसरताच नायट्रस तोडणारा स्विच, थ्रॉटल पूर्ण उघडल्यावरच चालू होणारा स्विच आणि इंजिनाच्या दर मिनिटाच्या ठरावीक फेऱ्यांच्या पट्ट्यातच नायट्रस सोडणारा विंडो स्विच. या पट्ट्याची खालची मर्यादा ३००० फेऱ्यांच्या वर असावी. त्याखाली झडपा हळू चालत असतात, सिलिंडरात नायट्रस साचते आणि दाब इतका चढतो की कनेक्टिंग रॉड वाकतात. वरची मर्यादा इंजिनाच्या फेऱ्या रोखणाऱ्या रेव्ह लिमिटरच्या थोडी खाली ठेवावी, कारण लिमिटर पेट्रोल तोडतो आणि नायट्रस तसेच वाहत राहते. इग्निशनचे टायमिंग (ठिणगी पडण्याचा क्षण) दर ५० अश्वशक्तीमागे सुमारे २ अंश मागे घ्यावे आणि प्लग एक पायरी थंड प्रकारचे घालावेत. नोझल थ्रॉटल बॉडीच्या (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या झडपेच्या) जवळ असावा. फार आधी, वळणाच्या नळीत बसवला तर पेट्रोलचे थेंब वळणावर साचतात आणि एखाद्या बॅकफायरने, म्हणजे उलट भडक्याने, नळीच काय, एअर फिल्टरही उडतो.

गॅस किती पुरेल, हेही तुम्ही विचारले आहे. १०० अश्वशक्तीच्या वाढीला दहा सेकंदांत साधारण ०.४ किलो नायट्रस खर्च होते, म्हणजे ४० अश्वशक्तीला ०.१६ किलो. प्रचलित मोठी बाटली १० पौंडांची, म्हणजे साडेचार किलोची असते. पाव मैलाच्या धावेत बारा सेकंद नायट्रस चालू ठेवले तर कागदावर वीसहून अधिक धावा निघतात. प्रत्यक्षात बाटली रिकामी होत जाताना गार पडते आणि तिचा दाब पडतो, त्यामुळे बारा-पंधरा धावांनंतर तिच्यावर विसंबू नये.

इंजिनाचे हे सगळे जमेल. अडचण बाटलीची आहे. भारतात दाबाखालच्या वायूच्या बाटल्यांना गॅस सिलिंडर नियम, २०१६ लागू आहेत आणि त्यांची अंमलबजावणी नागपूरला मुख्यालय असलेली ‘पेसो’ ही केंद्रीय संस्था करते. या संस्थेची मान्यता नसलेली बाटली भरणे, बाळगणे किंवा आयात करणे बेकायदा आहे. परदेशी संचाबरोबर आलेली बाटली या मान्यतेची असेलच असे नाही, आणि नसेल तर ती कितीही सुबक असली तरी भरून देणारा माणूस कायदा मोडतो. दुसरी बाजू मोटार वाहन कायद्याची. १९८८ च्या या कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलात बदल करण्यास मनाई करते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हाच अर्थ ठामपणे सांगितला. आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ प्रमाणे असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा कलम १८९ खालचा वेगळा गुन्हा आहे.

म्हणून माझे मत असे : गाडी फक्त शर्यतीसाठी राखून ट्रेलरवरून नेणार असाल, आयोजकांच्या त्या वर्षीच्या नियमपुस्तकात नायट्रसला परवानगी असल्याचे लेखी पाहिले असेल आणि मान्यताप्राप्त बाटली व अधिकृत भरणाकेंद्र हाती असेल, तरच ४० अश्वशक्तीचा वेट संच घ्या. यांतील एक जरी गोष्ट नसेल, तर तेच पैसे टायर, क्लच आणि ट्यूनिंगवर खर्च करा. लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर झालेल्या ड्रॅग शर्यतींत सुटण्याच्या क्षणी चाके नुसती गरगर फिरवत वेळ घालवणाऱ्या, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे पटेल.

प्रश्न : मी मूळची साताऱ्याची, सध्या न्यू जर्सीत राहते. माझ्याकडे २०१६ ची फोर्ड मस्टँग जीटी आहे. इथे नायट्रसचे संच आणि भरणाकेंद्रे सहज मिळतात. प्लेट संच घ्यावा की थेट डायरेक्ट पोर्ट? — एक वाचक, एडिसन

उत्तर : तुमची अडचण कोल्हापूरच्या वाचकांच्या उलट आहे. बाटली सोपी, निवड अवघड. तुमच्या गाडीचे ५ लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन मुळातच ४३५ अश्वशक्ती देते आणि त्याचे कॉम्प्रेशनचे गुणोत्तर ११ ला १ आहे. १०० अश्वशक्तीची भर घातली तर प्रत्येक सिलिंडरच्या वाट्याला साडेबारा अश्वशक्ती येतात, आणि एवढे हे इंजिन सहसा सोसते.

प्रश्न मॅनिफोल्डचा आहे. तुमच्या इंजिनावरचे मॅनिफोल्ड प्लास्टिकचे, लांब वळणदार नळ्यांचे आहे आणि ते फक्त हवा वाहून नेण्यासाठी घडवलेले आहे. पेट्रोल इंजेक्टरमधून थेट झडपेजवळ पडते. थ्रॉटल बॉडीमागे बसणारी वेट प्लेट या मॅनिफोल्डच्या तोंडाशीच पेट्रोल फवारते, आणि तिथून आठ सिलिंडरांपर्यंत ते सारख्या प्रमाणात पोहोचेल याची हमी देता येत नाही. एखाद्या सिलिंडरला कमी पेट्रोल आणि जास्त नायट्रस मिळाले तर एक्झॉस्टमधला सेन्सर आठांची सरासरी दाखवतो, एकट्याची हालत दाखवत नाही. साचलेल्या पेट्रोलाने भडका घेतला तर प्लास्टिकच्या मॅनिफोल्डचे तुकडे होतात.

त्यामुळे ७५ ते १०० अश्वशक्तीपर्यंत मी तुम्हाला ड्राय संच सुचवेन, मात्र या इंजिनाचे काम सतत करणाऱ्या ट्यूनरकडून नायट्रससाठी स्वतंत्र ट्यूनिंग करून घेण्याच्या अटीवर. वाढीव पेट्रोल मूळ इंजेक्टरांतून, योग्य जागी पडेल आणि टायमिंगही नायट्रस चालू असतानाच मागे जाईल. १५० च्या पुढे जायचे असेल तर डायरेक्ट पोर्टचा विचार करा, पण त्याआधी इंजिन उघडून रिंगांच्या फटी वाढवाव्या लागतील, म्हणजे खर्चाचा आकडा संचाच्या किमतीच्या कितीतरी पुढे जाईल. तुमच्या पत्राच्या सुरावरून मला वाटते की तुम्हाला आठवड्याच्या शेवटी मजा हवी आहे, इंजिन बांधणीचा छंद नको आहे. तसे असेल तर १०० वर थांबा. पेट्रोल ९३ ऑक्टेनचेच भरा.

इंग्लिशटाउनची प्रसिद्ध ड्रॅग पट्टी जानेवारी २०१८ मध्ये बंद झाली, त्यामुळे तुम्हाला थोडे लांब जावे लागेल. एनएचआरए या अमेरिकी ड्रॅग शर्यत संघटनेच्या नियमांनुसार बाटली पक्की बसवलेली आणि डीओटी-१८०० (तिथल्या परिवहन खात्याच्या) शिक्क्याची असावी लागते. ती चालकाच्या कप्प्यात असेल तर तिच्या सुरक्षा झडपेची नळी गाडीबाहेर काढलेली लागते. बाटलीवर दाबचाचणीची तारीख कोरलेली असते. पाच वर्षे उलटली असतील तर भरणाकेंद्र ती परत करेल आणि तसेच करायला हवे.

प्रश्न : नायट्रसची बाटली डिकीत ठेवतात. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो. अशा उन्हात बाटली फुटेल का? — एक वाचक, नागपूर

उत्तर : प्रश्न मार्मिक आहे, कारण नायट्रसचा सगळा स्वभाव तापमानावर चालतो. बाटलीत खाली द्रव आणि वर वाफ असते आणि दाब फक्त तापमान ठरवते : १० अंशांना सुमारे ४० बार (साध्या हवेचा दाब सुमारे १ बार), २० अंशांना सुमारे ५०, ३० अंशांना सुमारे ६३. बहुतेक संचांचे जेट ६२ ते ६९ बारच्या दाबासाठी मापलेले असतात. म्हणजे हा वायू साधारण ३० ते ३५ अंशांच्या अरुंद पट्ट्यातच गणिताप्रमाणे वागतो. डिसेंबरच्या पहाटे बाटली गार असेल तर नायट्रस कमी येते, मिश्रण रिच होते आणि शक्ती घटते. त्यात इंजिनाचे नुकसान होत नाही.

उन्हाळ्यात उलटा प्रकार होतो. ३६.४ अंश हे नायट्रसचे क्रांतिक तापमान. त्यावर द्रव आणि वाफ असा भेदच उरत नाही. नागपूरच्या उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ५० अंश सहज होतात. तेव्हा बाटलीतल्या सर्व नायट्रसचा एकच दाट वायू झालेला असतो आणि ती किती भरली आहे यावर दाब झपाट्याने चढतो. जेटचे माप द्रवाच्या हिशेबाने केलेले असल्यामुळे किती नायट्रस इंजिनात जाईल, याचा भरवसा राहत नाही, आणि हा अंदाज चुकला तर त्याचा फटका पेट्रोलच्या प्रमाणाला बसतो. योग्य वजनाइतकीच भरलेली, तपासलेली बाटली फुटण्याआधी तिची सुरक्षा चकती फाटते आणि वायू बाहेर सुटतो. ही चकती साधारण २०० बारच्या आसपासची असते. ती नळीने गाडीबाहेर जोडलेली नसेल तर बंद गाडीत क्षणात ढग भरतो, चालकाला दिसत नाही आणि श्वासाला ऑक्सिजन उरत नाही. बाटली वजनापेक्षा जास्त भरलेली असेल तर मात्र तापल्यावर तिच्यात विस्ताराला जागाच उरत नाही. म्हणूनच नायट्रस नेहमी काट्यावर तोलून भरतात, गेज पाहून भरत नाहीत.

थंडीत बाटली गरम करण्यासाठी काही जण ब्लो लॅम्प वापरतात. बाटलीचे ॲल्युमिनियम फार तापले की त्याची ताकद कायमची जाते, वरून तसे दिसत मात्र नाही. दाब पाहून आपोआप बंद होणारे विजेचे वेष्टण मिळते, तेवढेच वापरावे. उन्हाळ्यात बाटली काढून सावलीत ठेवावी, उभ्या गाडीत ठेवू नये.

प्रश्न : माझ्या डिझेल पिकअपला नायट्रस लावता येईल का? — एक वाचक, सांगली

उत्तर : येईल, पण तुम्हाला त्याचा फायदा होणार नाही. डिझेल इंजिनात हवा मुळातच गरजेपेक्षा जास्त असते आणि शक्ती डिझेलच्या मापाने ठरते. जास्तीचा ऑक्सिजन उपयोगी पडायचा असेल तर इंजिन आधीच न जळणारे डिझेल, म्हणजे काळा धूर, बाहेर टाकत असले पाहिजे. अमेरिकेत खास शर्यतींसाठी पंप व इंजेक्टर मोठे केलेल्या डिझेल गाड्यांवर नायट्रस वापरतात, ते म्हणून. तुमची पिकअप मूळ स्थितीत धूर सोडत असेल तर तिला इंजेक्टरांची दुरुस्ती हवी आहे. आणि पेट्रोलचा वेट संच डिझेल इंजिनाला कधीही लावू नये; हवेबरोबर आत गेलेले पेट्रोल कॉम्प्रेशनमध्ये नको त्या क्षणी पेटते.

प्रश्न : नायट्रसऐवजी शुद्ध ऑक्सिजन सोडला तर जास्त शक्ती मिळणार नाही का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : मिळेल, पण फार थोडा वेळ. नायट्रसमधला नायट्रोजन ज्वलनाचा वेग आणि उष्णता आवरून धरतो. शुद्ध ऑक्सिजनला तो लगाम नाही, आणि दाबाखालच्या ऑक्सिजनला नळीतले तेल किंवा ग्रीस लागले तर इंजिनापर्यंत पोहोचण्याआधीच आग लागू शकते.

प्रश्न : केकवर क्रीम घालण्यासाठी लहान नायट्रस काडतुसे मिळतात. ती माझ्या १५० सीसी बाइकला वापरता येतील का? — एक विद्यार्थी वाचक, पुणे

उत्तर : आकडेमोड करून दाखवतो. या काडतुसात ८ ग्रॅम नायट्रस असते. १० अश्वशक्ती वाढवायला सेकंदाला सुमारे ४ ग्रॅम लागतात. म्हणजे एका काडतुसात दोन सेकंद. सिग्नलवरून सुटून पुढच्या दुकानापर्यंत. त्या दोन सेकंदांत लहान एकेरी पिस्टनला, कार्ब्युरेटर किंवा इंजेक्टरने वाढीव पेट्रोल दिलेच नाही तर, वर सांगितलेले सगळे घडते, आणि बाइकवर पिस्टन अडकला की मागचे चाक लॉक होते. शिवाय ही काडतुसे तुमच्या मित्रमंडळींत हुंगण्यासाठी फिरत असतील, असा मला संशय आहे. वारंवार हुंगल्याने शरीरातले बी-१२ जीवनसत्त्व निकामी होऊन मज्जारज्जूला इजा होते, तरुणांचे पाय लुळे पडतात. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा वापरासाठी नायट्रस जवळ बाळगणे गुन्हा ठरवले, त्यामागे हेही एक कारण होते. अमेरिकेत गाड्यांसाठीच्या नायट्रसमध्ये मुद्दाम थोडा सल्फर डायऑक्साइड मिसळतात, जेणेकरून तो कोणी हुंगू नये. काडतुसांत तो नसतो. बाइकच्या वेगासाठी साखळी, स्प्रॉकेट आणि कार्ब्युरेटरची सफाई यांकडे आधी पाहा. तुमच्या पत्रात बाइक सोळा हजार किलोमीटर चालल्याचा उल्लेख आहे, पण एअर फिल्टर केव्हा बदलला ते लिहिलेले नाही.